जिन्याचं माप

तळवड्यातली ही आमची चौथी भाड्याची खोली. अकरा महिन्यांचा करार संपला की पुन्हा टेम्पो. मागच्या वेळी माझी छोटी रेल्वे एकाच आठ फुटी प्लायवर होती. जिन्याच्या वळणावर ती अडकली, शेवटी करवतीने कापली. लेक रडली.

कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयातली गाडी 1998 पासून लोक बघताहेत. पण तिला कुणी घर बदलायला सांगत नाही!

या वेळी चार बाय दोन फुटांच्या दोन फळ्या केल्या. अब्बांनी आयुष्यभर इथल्या कारखान्यांसाठी पॅकिंगच्या पेट्या ठोकल्या. "हलवायची वस्तू हलकी पाहिजे," म्हणाले, आणि पाइनच्या पट्ट्यांची चौकट करून वर पातळ प्लाय ठोकला. खरी कसोटी जोडाची. रुळांमधलं अंतर अवघं 16.5 मिलिमीटर, जोडावर रूळ जरासा सरकला की डबा घसरतो. म्हणून दोन्ही चौकटी शिकंज्यात आवळून भोकं एकदमच पाडली, लाकडी खुंट्या बसवल्या, नट-बोल्ट आवळले. रूळ सलग टाकले, जोडाच्या दोन्ही बाजूंना पितळी स्क्रूंवर डाग देऊन पक्के केले आणि मगच मधोमध कापले. करवत चालवताना माझा हात थरथरला.

काल नवीन खोली बघायला गेलो. मालक डिपॉझिट सांगत होते. अब्बा टेप घेऊन जिना मोजत होते.