गाठ दयाळू कशी असेल?

1994 सालची गोष्ट. आम्ही तेव्हा घाटकोपरला वस्तीत राहत होतो. हे वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि मी चार घरची धुणीभांडी करायची. आईच्या छातीत गाठ लागली म्हणून तिला गावाहून आणलं. मोठ्या इस्पितळात सुई घालून तपासणी झाली. शनिवारी दुपारी खिडकीतून रिपोर्टचा कागद हातात पडला. "डॉक्टर सोमवारी भेटतील," एवढंच आतला माणूस बोलला.

कागद सगळा इंग्रजीत. मी सातवी पास. मोठी मुलगी नववीत, मराठी शाळेत. तिनं अक्षराला अक्षर लावत वाचलं आणि एका शब्दाशी ती अडली. "बेनिग्न," ती म्हणाली. तिच्या दप्तरात खिशात मावेल एवढा इंग्रजी-मराठी शब्दकोश होता. त्यात अर्थ सापडला: दयाळू, कृपाळू, सौम्य.

आई खाटेवर बसून ऐकत होती. "गाठ दयाळू कशी असेल गं? तिला माझी दया असती तर उगवलीच नसती!" आम्ही हसलो, पण हसू घशातच राहिलं. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "सौम्य म्हणजे आत्ता थोडा आहे. पुढं वाढणार." झालं! सौम्यचा कॅन्सर झाला. रात्री ह्यांनी हळूच विचारलं, डोरलं गहाण टाकलं तर किती येतील. भावाला तार करायचं ठरलं. आई भिंतीकडं तोंड करून पडली होती. ती झोपलेली नाही हे मला कळत होतं.

रविवारी संध्याकाळी वस्तीतल्या अभ्यासिकेत एक सर मुलांना शिकवायला येत. मुलीला घेऊन मी त्यांच्याकडं गेले. त्यांनी कपाटातून जाडजूड कोश काढला. त्यात मराठीचं एक अक्षर नव्हतं. इंग्रजी शब्दाचा अर्थ इंग्रजीतच! मला वाटलं, एक कुलूप उघडायला ह्यांनी दुसरं कुलूपच हातात दिलं.

सर मुलीला म्हणाले, "तूच वाच." तिनं वाचलं. अर्थाला आकडे घातले होते. पहिला अर्थ माणसाबद्दल बोलताना: दयाळू, मायाळू. पुढचा अर्थ आजाराबद्दल बोलताना: जिवाला धोका नसलेला. हे सांगायला वापरलेले सगळे इंग्रजी शब्द तिला शाळेत येऊन गेले होते. ती माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "आई, आजीला कॅन्सर नाही गं!"

सर म्हणाले, "या शब्दाचा अर्थ तोच आहे. पण कोश म्हणजे डॉक्टर नव्हे. उद्या त्यांच्याकडून पक्कं करून घ्या." उच्चारही त्यांनी सांगितला. बिनाइन. त्यातला 'ग' लिहायचा, पण बोलायचा नाही.

सोमवारी डॉक्टरांनी तेच सांगितलं. पुढं ती गाठ काढली. आई त्यानंतर अकरा वर्षं जगली.

मुलीचा छोटा कोश खोटं बोलला नव्हता. त्यानं अर्थ एका ओळीत मांडले, पण कुठला अर्थ कुठं लागतो ते सांगितलं नाही. बँकेच्या पासबुकात 'इंटरेस्ट' दिसला आणि आपण 'आवड' असा अर्थ घेतला, तर व्याज कसं कळणार? 'बॅलन्स' म्हणजे तोल, पण पासबुकात शिल्लक.

अशा कोशांची हकीकत मला पुढं सरांकडून कळली. जुन्या कोशांत सोप्या शब्दाचा अर्थ अवघड शब्दांत देत. 1755 साली सॅम्युअल जॉन्सन या विद्वानानं 'नेटवर्क', म्हणजे जाळीकाम, हा शब्द असा समजावला की त्यापेक्षा तो शब्दच बरा! शिकणाऱ्याची ही अडचण मायकेल वेस्ट यांनी ओळखली. ते ढाक्याला शिक्षणाच्या कामात होते. आपल्याच उपखंडातल्या बंगाली मुलांना इंग्रजी वाचताना कुठं अडतं, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. 1935 साली त्यांनी एन्डिकॉट यांच्यासह एक कोश काढला. त्यात 24,000 शब्द आणि वाक्प्रचार फक्त 1,490 सोप्या शब्दांत समजावले. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या हॉर्नबी यांचा कोश 1942 साली टोकियोत छापला गेला. तोच 1948 साली ऑक्सफर्डनं काढला. 1978 च्या लाँगमन कोशात अर्थ सांगायला सुमारे 2,000 शब्द पुरले. म्हणजे दोन हजार शब्द पक्के केले की बाकीच्या शब्दांचं दार आपल्या हातानं उघडता येतं. रोज तीन शब्द धरले तरी दोन वर्षांत ते होतात.

म्हणून घरात शिकणारं लेकरू असेल तर त्याला एवढं सांगा. पहिल्याच अर्थावर थांबू नको. शब्द कुठल्या कागदावर आलाय ते बघ, मग सगळे आकडे वाच. खाली दिलेलं वाक्य वाच. मग तो शब्द घालून आपल्या घरातलं एक वाक्य वहीत लिही. मराठी कोशही जवळ ठेव, दोन्ही लागतात. आणि औषधाचा, कोर्टाचा, कर्जाचा कागद असेल तर जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय घाबरू नको, की सही करू नको.

आता नातीच्या मोबाइलवर क्षणात अर्थ येतो. पण तीही पहिली ओळ वाचून मोकळी होते. मग मी तिच्या आईची जुनी वही काढते. त्यात पहिल्या पानावर नववीतल्या अक्षरात एकच वाक्य आहे. इंग्रजीत लिहिलंय, पण आता मलाही वाचता येतं: माझ्या आजीची गाठ बिनाइन आहे.