पात्याचं पाणी

दुमडता न येणारी, म्यानात घालून कमरेला लावायची सुरी बाजारात आता सरसकट ‘टॅक्टिकल नाइफ’ या नावाने विकली जाते. जाहिरातीत तिची ओळख दोन गोष्टींनी होते: पोलादाचं नाव आणि रॉकवेल कठीणतेचा आकडा. ‘एस३०व्ही, ६० एचआरसी’ एवढं छापलं की गिऱ्हाईक निम्मं पटलेलं असतं. मी धातुशास्त्राचा अभ्यासक आहे, तेव्हा या दोन्ही गोष्टींना कमी लेखणं मला शक्यच नाही. तरीही सैनिकाच्या किंवा डोंगरात चार दिवस काढणाऱ्या माणसाच्या सुरीची पारख तिथून सुरू करू नये, असं माझं ठाम मत आहे. अशी सुरी हातात घेतल्यावर पहिला प्रश्न हा विचारावा, की ही बिघडेल तेव्हा कशी बिघडेल? बोथट झालेली धार दगडावर थोड्या वेळात परत येते. दुमडलेली धारही तशीच सरळ होते. वाकलेलं पातं एखाद्या फटीत धरून बऱ्यापैकी सरळ करता येतं. मोडलेल्या पात्याला मात्र रानात इलाज नाही. म्हणून मैदानी सुरीत चिवटपणा आधी पाहावा आणि धारेचा टिकाऊपणा मागाहून.

दुसऱ्या महायुद्धात याचा पडताळा आलेला आहे. शांघायच्या पोलीस दलात काम केलेल्या विल्यम फेअरबर्न आणि एरिक साइक्स यांनी आखलेला खंजीर १९४०-४१ मध्ये विल्किन्सन स्वोर्ड कंपनीने ब्रिटिश कमांडोंसाठी घडवला. सडपातळ, दुधारी, टोकाकडे निमुळता होत गेलेला. ज्या एका कामासाठी तो होता, त्यात तो अचूक होता. पण कमरेला पातं असलेला शिपाई त्याच पात्याने खोकी उघडणार, तारा उचकटणार, जमीन उकरणार; अशा कामात त्या टोकाचा निभाव लागत नसे. अमेरिकेचे कर्नल रेक्स ॲपलगेट यांनी पुढे फेअरबर्न यांच्या साथीने आखलेल्या नव्या खंजिराचं पातं रुंद आणि टोक भक्कम आहे, ते या उणिवेमुळेच. याउलट अमेरिकी मरीन दलाने नोव्हेंबर १९४२ मध्ये जी सुरी स्वीकारली, तिला नौदलाने ‘युटिलिटी नाइफ, मार्क २’ म्हटलं; म्हणजे कामाची सुरी. सात इंची पातं, जाडी चार मिलिमीटरच्या थोडी वर, चामड्याच्या चकत्या दाबून केलेली मूठ. ‘का-बार’ या शिक्क्याच्या नावाने ती जगभर ओळखली जाते आणि ऐंशी वर्षं उलटली तरी बनतेच आहे.

तिच्या पोलादात कार्बन सुमारे ०.९५ टक्के, म्हणजे आपण ज्याला १०९५ म्हणतो त्याच घराण्यातलं, आणि कठीणता ५६ ते ५८. मरीन दलाने २००३ मध्ये घेतलेल्या ओकेसी-३एस संगिनीची कठीणता ५३ ते ५८ च्या दरम्यान आहे. ऑस्ट्रियाच्या लष्कराची ग्लॉक फेल्डमेसर ७८ स्प्रिंगच्या पोलादाची, कठीणता सुमारे ५५. यावर एक आक्षेप हमखास येतो: लष्करं स्वस्त माल घेतात, त्यांच्या निवडीवरून काय सिद्ध होणार? स्वस्ताईचा भाग मला मान्य आहे. पण कठीणता वाढवायला पैसा लागत नाही. १०९५ पोलाद पाणी दिल्यावर ६५ च्या आसपास कठीण होतं. मग टेंपरिंगच्या, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला पोलाद पुन्हा बेताने तापवण्याच्या, भट्टीचं तापमान कमी ठेवलं की तीच सुरी ६० च्या वर राहते. खर्च तोच, भट्टी तीच, कारागीर तोच. तरीही आकडा मुद्दाम खाली आणलेला आहे. वेगवेगळ्या देशांची लष्करं इतक्या जवळपासच्या आकड्यांवर येतात, ती चिवटपणासाठी थोडी धार सोडायला तयार होऊन.

रॉकवेलचा आकडा नेमकं काय सांगतो, तेही पाहिलं पाहिजे. १२० अंशांचा हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या भाराने पृष्ठभागात दाबायचा आणि तो किती खोल रुतला ते मोजायचं. ती खूण पात्याच्या एका जागेबद्दल बोलते. पाणी देताना पोलाद गरजेपेक्षा जास्त तापलं तर त्याचे कण वाढतात. अशा पात्याची कठीणता व्यवस्थित ५८ भरते, पण ते नीट तापवलेल्या ५८ च्या पात्यापेक्षा कितीतरी लवकर तडकतं. दुसरी गोष्ट त्याहून फसवी. साध्या कार्बन पोलादाचं टेंपरिंग साधारण २६० ते ३७० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात झालं, तर कठीणता उतरते आणि चिवटपणाही उतरतो. म्हणजे सुरी आधीपेक्षा मऊ आणि आधीपेक्षा ठिसूळ, दोन्ही एकदम. आकडा वाचणारा समजतो की मऊ आहे म्हणजे चिवट असेल. मराठीत पोलाद कडक करण्याला ‘पाणी देणं’ म्हणतात आणि पात्याचं किंवा माणसाचं मोल करण्याला ‘पाणी जोखणं’. पोलादाचं नाव हे शिध्यासारखं आहे. स्वयंपाक भट्टीत होतो. नीट पाणी दिलेलं साधं १०९५ मला बिघडलेल्या पाण्याच्या महागड्या मिश्रधातूपेक्षा शतपटीने बरं वाटतं.

आणखी एक गैरसमज सर्वत्र आहे, की कठीण सुरी ताठ असते. पोलादाचा ताठरपणा त्याच्या कठीणतेवर अवलंबून नसतो. सगळ्या पोलादांचा यंग गुणांक २०० गिगापास्कलच्या आसपासच असतो, मग ते मऊ असो वा कडक. पातं किती ताठ राहणार हे ठरतं त्याच्या जाडीच्या घनावर: ३ मिलिमीटरचं ४ मिलिमीटर केलं की ताठरपणा जवळजवळ २.४ पट होतो. कठीणता एवढंच ठरवते, की वाकलेलं पातं कुठवर परत सरळ होईल आणि कुठून पुढे ते वाकलेलंच राहील किंवा मोडेल. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीची कारागिरांसाठीची परीक्षा मला म्हणूनच शहाणी वाटते. त्यात एकच सुरी लोंबकळता दोर एका घावात कापते, लाकडाची दोन बाय चारची पट्टी तोडते, मग हातावरचे केस भादरते, आणि शेवटी तेच पातं पकडीत धरून ९० अंशांत वाकवतात. ते मोडता कामा नये. अर्थात ही परीक्षा कारागिराच्या हातातलं भट्टीवरचं नियंत्रण तपासते. पाठ फार मऊ ठेवली की पातं नव्वद अंशांत सहज जातं, पण थोड्याशा जोरानेही कायमचं वाकतं. कमरेला लावायच्या सुरीत इतकी मऊ पाठ मी मागणार नाही. नेपाळमधले लोहार खुकरीला पाणी देताना किटलीच्या तोटीतून पाण्याची धार फक्त पात्याच्या धारेवर सोडतात. धार कडक होते, जाड पाठ मऊसर राहते. खुकरीची पाठ इतकी जाड असते, की मऊ असूनही ती वाकत नाही. जाडी आणि पाणी यांचा हा मेळ कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधीचा आहे.

सुऱ्या मोडतात कुठे? टोक सोडलं तर बहुधा मुठीच्या तोंडाशी, जिथे रुंद पातं एकदम अरुंद होऊन मुठीत शिरतं. तिथला कोपरा काटकोनात कापलेला असेल तर उत्तम पोलादही वाचवू शकत नाही. खाचेच्या तळाशी ताण किती पट वाढतो याचं अभियंते चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ मध्ये मांडलेलं सूत्र इथे लावून पाहावं. ३ मिलिमीटर खोल खाचेच्या तळाची गोलाई ०.१ मिलिमीटर असेल, तर तिथे ताण अंदाजे बारा पट होतो. तीच गोलाई ३ मिलिमीटर केली की तीन पटीवर येतो. मुठीखाली झाकलेल्या, गिऱ्हाइकाला कधीच न दिसणाऱ्या कोपऱ्यात कानशीचे चार हात जास्त फिरवले एवढाच फरक. म्हणून मूठ काढून पाहता येत असेल तर अवश्य पाहावी. पाठीवरची करवतीची दातेरी रांग हीसुद्धा ओळीने मांडलेल्या खाचाच. अमेरिकी वैमानिकांच्या सुरीवर ती आली, कारण अडकलेल्या वैमानिकाला विमानाचा ॲल्युमिनियमचा पत्रा कापून बाहेर पडता यावं. पत्रा ती फाडते. लाकडात दोन बोटं जाऊन अडकते. ज्याला विमानातून बाहेर पडायचं नाही त्याने तिच्यासाठी पाठ कमजोर करून घेऊ नये.

शेफिल्डच्या कॅट्रा संस्थेच्या चाचणीचा दाखला देऊन कुणी म्हणेल, धार टिकण्याची मोजदाद निदान वस्तुनिष्ठ तरी आहे. आहेच. ५ टक्के वाळू मिसळलेल्या कागदाची चवड यंत्राने पुन्हा पुन्हा कापायची आणि एकूण किती मिलिमीटर कापली गेली ते मोजायचं. पण ही फक्त घासण्याची परीक्षा आहे. बाजूचा दाब, हाडाचा धक्का, मातीतला खडा तिच्यात नाही, आणि रानात धार बहुतेक वेळा यांनीच जाते: झिजून नाही, दुमडून किंवा खांडे पडून. शिवाय याच चाचणीत धारेचा कोन बदलला तर तेच पोलाद कितीतरी जास्त कापतं. ऊसतोडणीचा कोयता बघा. पोलाद साधं, पातं पातळ, आणि कानस कायम जवळ. धार टिकावी असा त्याच्याकडून कुणी आग्रह धरत नाही. ती लगेच परत यावी हा आग्रह असतो.

‘सुरी ही पहार नव्हे, तिने उचकटणं हाच मुळात गैरवापर’ हा आक्षेप मी मनापासून घेतो. लहान, पातळ, अर्ध्या मुठीपर्यंतच पोलाद असलेल्या स्वीडनच्या मोरा सुऱ्या लाखो लोक वापरतात आणि त्या मोडत नाहीत, कारण दहा सेंटिमीटरच्या पात्यावर फार मोठा तोल येऊच शकत नाही. ज्याच्या पाठीवर कुऱ्हाड आणि करवत आहे त्याने खुशाल अशीच सुरी घ्यावी; ती भाजीपासून काटकीपर्यंत सगळं जास्त चांगलं कापेल. पण सैनिकाच्या पाठीवरच्या वजनाचा हिशेब ग्रॅमात होतो. त्याच्याजवळ पहार नसते, म्हणून सुरीच पहार होते. हा गैरवापर आराखड्याने आधीच गृहीत धरला पाहिजे. लांबीचा मोह मात्र दोघांनीही आवरावा. पातं जितकं लांब तितका मुठीशी येणारा ताण जास्त. आणि भारतात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्र नियमांच्या कक्षेत येतं. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत, टॅक्टिकल सुरी नाही.

गंजाबद्दल मला थोडी माघार घ्यावी लागते. कोकणातल्या पावसाळ्यात किंवा समुद्रावर कार्बन पोलाद सांभाळणं कठीण आहे, आणि गंजाने पडलेला खड्डा हीही एक खाचच. स्वीडनच्या हवाई दलाने १९९५ मध्ये वैमानिकांसाठी फॉलक्निवेन एफ१ ही न गंजणाऱ्या पोलादाची सुरी घेतली, ती योग्यच. कार्बन पोलादाच्या पात्यावर दिलेला काळा लेप फक्त पृष्ठभाग वाचवतो. धार उघडीच राहते.

सगळ्यात वजनदार आक्षेप भुकटीच्या पोलादाचा. डी२ सारख्या जुन्या पोलादात क्रोमियम कार्बाइडचे मोठे गोटे राहत आणि तडा तिथूनच सुरू होई. वितळलेलं पोलाद फवारून त्याची भुकटी करायची आणि ती दाबून एकजीव करायची, या पद्धतीने हे कण बारीक झाले. सीपीएम ३व्ही याच वाटेने चिवट झालं. २०२१ मध्ये लॅरिन थॉमस यांच्या रचनेतून आलेल्या मॅग्नाकटने चिवटपणाबरोबर गंजरोधही दिला. मग कठीणता आणि चिवटपणा यांतून निवडायची वेळच कुठे येते? ही पोलादं मला फार आवडतात, आणि माझ्या पहिल्या प्रश्नाला ती जुन्या पोलादांपेक्षा चांगलं उत्तर देतात. अडचण दुरुस्तीची आहे. त्यांच्यातलं व्हॅनेडियम कार्बाइड धारेच्या नेहमीच्या ॲल्युमिनाच्या दगडापेक्षा कठीण असतं. ओढ्यातला गुळगुळीत गोटा तर त्यापुढे काहीच नाही. हिऱ्याची पूड बसवलेली पट्टी असेल तर धार परत येते. नसेल तर बोथट झालेली सुरी मुक्काम संपेपर्यंत बोथटच राहते. म्हणून अशा पोलादाची सुरी तपासताना मी पात्याइतकंच म्यान पाहतो: पाणी निथळायला तळाशी भोक आहे का, आणि बाहेरच्या बाजूला ती बोटभर पट्टी ठेवायला कप्पा आहे का.