सारे काही समाविष्ट

माँटेगो बेच्या विमानतळावरून निघालेली गाडी समुद्रकाठच्या रिसॉर्टच्या दाराशी थांबली, तेव्हा प्रथम प्राध्यापकांच्या आणि माईंच्या मनगटांवर निळ्या रंगाची एकेक पट्टी बांधण्यात आली. जत्रेतून आणलेल्या गंड्यासारखी ती दिसत होती; परंतु गंडा संकट दूर ठेवतो, ही पट्टी पैसा दूर ठेवणार होती. पुढील सात दिवस खाणे, पिणे, पोहणे, नौकाविहार, बंगल्याची झाडलोट आणि खास त्या बंगल्यासाठी नेमलेली स्वयंपाकीण, यांपैकी कशाचेही वेगळे पैसे द्यावयाचे नव्हते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या कन्येने आईवडिलांच्या विवाहाला पंचेचाळीस वर्षे झाली म्हणून ही भेट दिली होती. 'आईने आठवडाभर शेगडीकडे बघायचेसुद्धा नाही', एवढी एकच अट तिने घातली होती.

प्राध्यापक दिल्लीच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. जे समोर येईल त्याचे मूळ शोधावयाचे, ही त्यांची जन्माची खोड. 'सारे काही समाविष्ट' या कल्पनेचे मूळही त्यांना ठाऊक होते. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर, १९५० मध्ये, जेरार ब्लिट्झ या बेल्जियन गृहस्थाने भूमध्य समुद्रातील मायोर्का बेटावर तंबू ठोकून सुटीचे एक गाव वसविले. तेथे एकदा ठरावीक रक्कम भरली की मग हिशोब नाही. पुढे अशा गावांतून पेयासाठीदेखील नाणी न देता गळ्यातील माळेचे मणी देण्याची रीत पडली. युद्धात पोळलेल्या माणसांना काही दिवस तरी पैशाचा विसर पडावा, ही त्यामागील भावना निर्मळच म्हटली पाहिजे. जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावर ही पद्धत १९७० नंतरच्या दशकात रुजली आणि पाहता पाहता फोफावली.

पहिले दोन दिवस प्राध्यापक अत्यंत सुखात होते. बंगल्यापुढच्या बागेत त्यांना कोकणच भेटले. आंब्याला मोहोर आला होता आणि कडेला नीरफणसाचे झाड होते. माई हरखून गेल्या. त्यावर प्राध्यापकांनी सांगितले, की यांतले एकही झाड इथले नव्हे. आंबा १७८२ मध्ये इंग्रजांनी पकडलेल्या एका फ्रेंच जहाजातून आला. नीरफणस १७९३ मध्ये कॅप्टन ब्लायने प्रशांत महासागरातून आणला, तो उसाच्या मळ्यांतील गुलामांना स्वस्तात पोसता यावे म्हणून. ऊस बाहेरचा आणि तो तोडणारी माणसेही बाहेरचीच. आधी आफ्रिकेतून जुलमाने आणलेली. गुलामगिरी संपल्यावर करारावर आणलेली हिंदी. १० मे १८४५ रोजी 'ब्लंडेल' जहाज ओल्ड हार्बर बे येथे लागले आणि करारबद्ध हिंदी मजुरांची पहिली तुकडी या बेटावर उतरली. पुढे १९१७ पर्यंत असे छत्तीस हजारांहून अधिक लोक आले.

"म्हणजे या बागेतही सगळे समाविष्टच की," माई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी मात्र माईंना बसवेना. सकाळी जाग येई ती सवयीने पाचालाच. सहाला स्वयंपाकीण येई. पन्नाशीची, सावळी, अबोल बाई. तिच्या हालचालींकडे माई दुरून पाहत. हातात सुरी नाही, कपाळावर घाम नाही, अशा स्थितीत दुसरीला राबताना पाहणे त्यांना जड जात होते. अखेर त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. ओट्यावर हिरव्या पाल्याची जुडी होती. तेथील लोक त्या भाजीला 'कॅललू' म्हणतात. माईंनी एक पान चुरगाळून पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. तो माठच होता. निदान माठाचा सख्खा भाऊ. त्या दिवसापासून दोघींचे मोडक्यातोडक्या इंग्रजीतून जमले. एकीने कांदा, टोमॅटो, थाइम आणि तिथली जहाल मिरची घालून वाफवण्याची तऱ्हा दाखविली. दुसरीने लसणीच्या फोडणीची सांगितली.

चौथ्या दिवशी प्राध्यापकांनी शहरात जाण्याचा हट्ट धरला. माँटेगो बेच्या जुन्या चौकाला आज सॅम शार्प यांचे नाव आहे. माणसे जमवून त्यांच्याशी बोलणाऱ्या शार्प यांची शिल्पाकृती तेथे आहे. स्वतः गुलाम असलेल्या या धर्मोपदेशकाने १८३१ च्या नाताळात आपल्या बांधवांना एकच गोष्ट सांगितली होती: सुटीनंतर मजुरी मिळाल्याखेरीज कामावर जावयाचे नाही. २७ डिसेंबरला मळे पेटले. बंड मोडण्यात आले, शेकडो लोकांना मृत्युदंड झाला आणि २३ मे १८३२ रोजी शार्प यांना याच चौकात फाशी देण्यात आले. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या संसदेने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला आणि दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली. परंतु ती मालकांना. पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्यांच्या हाती एक पैही आली नाही. प्राध्यापकांनी हा विषय वर्षानुवर्षे वर्गात शिकविला होता. "ज्या कामाची नोंद वहीत नाही, ते काम कोणी केले, हे इतिहासाने विचारले पाहिजे," असे ते विद्यार्थ्यांना सांगत. चौकात उभे राहून त्यांनी माईंनाही ते सांगितले. माई काही बोलल्या नाहीत.

परतल्यावर दोघे वाळूवर फिरावयास गेले. रिसॉर्टची हद्द संपते तेथे एक दोर बांधलेला होता, त्याच्यापाशी पहारेकरी, आणि पलीकडे लाकडी पक्षी आणि मण्यांच्या माळा विकणारी माणसे. दोराच्या दोन्ही बाजूंना समुद्र एकच होता. त्या रात्री व्हरांड्यात बसल्या असताना माई सहज बोलावे तशा बोलल्या.

"अहो, ही बाई सकाळी सहाला येते. आपल्याला काय हवे ते न सांगताच तिला कळते. चहा गार झाला की दुसरा समोर येतो. कुणी काही विचारीत नाही, कुणी काही देत नाही. मला हे सगळे फार ओळखीचे वाटते."

"ओळखीचे? कसे काय?"

"पंचेचाळीस वर्षे तुमच्या मनगटाला अशीच पट्टी होती. फक्त ती दिसत नव्हती." मग जरा थांबून म्हणाल्या, "हिला निदान पगार आहे, आठवड्याला एक सुटी आहे. मी विचारून घेतले."

स्वरात राग नव्हता. तो असता तर प्राध्यापकांना उत्तर देता आले असते. कित्येक वर्षे वर्गात विचारलेला प्रश्न आज त्यांच्याच घराचे दार ठोठावीत होता, आणि दार उघडण्याची सवय त्यांना नव्हती. तेही काम माईच करीत आल्या होत्या.

शेवटच्या संध्याकाळी माईंनी मुलीची अट मोडली. लसणीची फोडणी देऊन कॅललू केले, त्या बाईला खुर्चीवर बसविले आणि तिच्यापुढे ताटली ठेवली. ती बसली, परंतु खुर्चीच्या कडेवर. चार घास तिने आवडीने खाल्ले. मात्र तिची नजर पुनःपुन्हा दाराकडे जात होती. पाहुण्यांच्या टेबलाशी बसणे नोकरांच्या नियमांत बसत नव्हते, बक्षिसी घेण्यासही मनाई होती. आपले समाधान तिच्या नोकरीवर बेतू शकते, हे माईंच्या ध्यानात आले. त्यांनी ताटली हलकेच उचलली आणि दोघी उभ्याने, ओट्याशी, उरलेले जेवल्या.

निघताना दाराशी एका तरुणाने कात्रीने पट्ट्या कापल्या. मनगटावर फिकट वर्तुळ तेवढे राहिले होते.

दिल्लीला परतल्यावर तिसऱ्या दिवशी पहाटे पाचाला माईंना जाग आली, तेव्हा स्वयंपाकघरात दिवा होता. शेगडीवर पाणी उकळत होते आणि प्राध्यापक फळीवरचे डबे एकेक उघडून पाहत होते. माई दारात उभ्या राहिल्या. प्राध्यापक काहीसे ओशाळून म्हणाले,

"अगं, साखर कुठल्या डब्यात असते?"