ओटीवरची घंटी

नोकरीची तीस वर्षे मी लोकांच्या दारात उभा राहून काढली. दापोलीच्या विद्यापीठातून बीएस्सी (कृषी) झालो आणि विस्ताराच्या कामात पडलो. तेव्हापासून कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतली किती घरे पाहिली असतील याचा हिशेब नाही. पण कुठल्याही घराची घंटी वाजवल्याचे आठवत नाही. अंगणात मोटारसायकल लावायची आणि हाक घालायची, "आहात का हो घरात?" दार उघडेच असायचे. आधी तांब्याभर पाणी, मग खोडकिड्याची चौकशी. पाणी पिऊन झाल्याशिवाय खताचे नाव काढायचे नाही, हे मला कोणत्या पुस्तकात सापडले नव्हते. ते मी इथल्या ओट्यांवर शिकलो.

म्हणून माझ्याच घराला चित्र दाखवणारी घंटी बसवायची वेळ येईल असे कुणी सांगितले असते, तर मी हसलो असतो.

२०२३ च्या मार्चमधली गोष्ट. मी शेतावर गेलेलो, पत्नी शाळेत, घरी एकटी आई. वय ऐंशी. भर दुपारी दोन तरुण आले आणि म्हणाले, "आजी, पाणी मिळेल का?" आईने दार उघडले, पाणी दिले. पाणी पिता पिता त्यांनी तिचाच पितळी तांब्या कसलीशी पूड लावून आरशासारखा करून दिला. मग देव्हाऱ्यातली समई. मग हातातल्या पाटल्या. पाटल्या त्यांनी आपल्याजवळच्या पाण्यात बुडवल्या, हळद लावून कागदात बांधल्या आणि "अर्ध्या तासाने उघडा" असे सांगून गेले. कागदात पाटल्या होत्या. पण सराफाने काट्यावर टाकल्या तेव्हा दोन्हीत मिळून आठ ग्रॅम सोने कमी भरले. नत्राम्ल आणि मिठाचे आम्ल एकत्र केले की त्यात सोने विरघळते. हे रसायनशास्त्र मी कॉलेजात शिकलो होतो. कामाला आले ते असे.

सोने गेले त्याचे आईला फारसे काही नव्हते. मला ती एवढेच म्हणाली, "पाणी मागितलं रे त्यांनी. तहानलेल्याला नाही म्हणायचं का?" मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने दाराला आतून कडी घातली. शेजारच्या वहिनींनी हाक मारली तरी उघडेना. जन्मभर उघड्या दाराच्या घरात वावरलेली बाई दिवसाढवळ्या अंधारात बसून राहू लागली. आठ ग्रॅमचा तोटा भरून काढता येतो, हा कसा भरायचा ते कळेना.

पुण्याच्या माझ्या मुलीने त्यावर तोडगा काढला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पार्सलने ती घंटी पाठवली. तळहाताएवढा डबा. त्यात कॅमेरा, बोलायला-ऐकायला सोय, आणि दाबायचे बटण. बाहेर कोण उभे आहे ते घरातल्या फोनवर दिसते. दार न उघडता त्याच्याशी बोलता येते. मी शेतात असलो तरी माझ्या फोनवर तेच चित्र येते.

ही कल्पना कुणा मोठ्या कारखान्यातून निघाली असेल असे मला वाटायचे. पण नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन नावाची एक परिचारिका राहायची. तिच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा अशा की ती पुष्कळदा घरात एकटीच असे, आणि दारावर कोण आले आहे याची धास्ती असे. तिने नवऱ्याच्या मदतीने दाराला वर-खाली सरकणारा कॅमेरा, घरात पडदा आणि बोलण्याची सोय असे यंत्र योजले. १९६६ साली पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ च्या डिसेंबरात ते मिळाले. आईला मी हे सांगितले तेव्हा तिने विचारले, "तिला कुणी फसवली होती का?" तसे नाही म्हटल्यावर म्हणाली, "शहाणी होती मग."

आता बसवण्याची कथा. आमचे घर विटांचे आहे, आतून निरूचा गुळगुळीत गिलावा आणि बाहेरून सॅण्डफेसचा. सॅण्डफेस म्हणजे वरच्या थराची वाळू उघडी ठेवलेला खरबरीत गिलावा. आपल्याकडे हल्ली बहुतेक घरांना तोच असतो. डब्याबरोबर चार बारके स्क्रू आले होते. मी घाईत होतो. पाऊस तोंडावर, रोपवाटिकांची कामे सुरू. उसने ड्रिल आणले, चार भोके पाडली, स्क्रू पिळले आणि मोकळा झालो. वायरमन आला. त्याने जुन्या घंटीच्या तारा काढून या डब्याला जोडायला घेतल्या. नशिबाने मी माहितीपत्रक उघडून बसलो होतो. त्यात ८ ते २४ व्होल्ट असे छापलेले, आणि आपल्या घरच्या घंटीच्या तारेत २३० व्होल्ट! जोडली असती तर डबा तर जळलाच असता, बटणाला बोट लावणाऱ्याचेही काही खरे नव्हते. तुमच्या घरी अशी घंटी आली तर एवढे आधी वाचा. कमी व्होल्टची असेल तर मधे ट्रान्सफॉर्मर हवाच. आमची बॅटरीवर चालणारीही होती, म्हणून तारांचा नाद सोडला.

जुलैचा पहिला आठवडा. कर्जतचा पाऊस काय असतो ते इथल्यांना सांगायला नको. सह्याद्रीच्या पायथ्याशी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि आमची पुढची भिंत नेमकी पश्चिमेची. एका सकाळी पाहतो तर घंटीसकट ताटाएवढा गिलाव्याचा पापुद्रा सुटून ओटीवर पडलेला. आतली वीट ओली गच्च. आई दारामागून म्हणाली, "बघ, भिंतीलापण नको झाली ती."

त्याच महिन्यात, १९ जुलैच्या रात्री, आमच्या खालापूर तालुक्यात इरशाळवाडीवर दरड कोसळली. वाडीच्या वाडी गेली. त्यानंतर किती दिवस तरी पडलेल्या पापुद्र्याकडे बघायचेसुद्धा कुणाला सुचले नाही. घंटी फडताळात पडून राहिली.

दसरा झाला, भातकापणी उरकली, तेव्हा आमच्या गावच्या जुन्या गवंड्यांना बोलावले. सत्तरीला आलेला माणूस, हातात थापी. त्यांनी घंटीकडे पाहिलेच नाही. थापीच्या दांड्याने भिंत ठोकत गेले. टक टक, टक टक, आणि मग एका जागी डब डब. "साहेब, इथून इथपर्यंत भिंतीनं गिलावा सोडलाय," म्हणाले. "विटा न भिजवता मारलाय. कोऱ्या विटेनं मालातलं पाणी ओढून घेतलं, मग सिमेंट धरणार कशाला? वर पाणीपण दोनच दिवस मारलं असणार." मला आठवले, घर बांधताना वाळूचा आणि पैशाचा दोन्हींचा तुटवडा होता, आणि उन्हाळ्यात पाणी नव्हते. पंचवीस वर्षे ती भिंत कुणाला काही बोलली नाही. स्क्रू मारल्यावर बोलली.

मग त्यांनी माझे चार स्क्रू हातावर घेतले. प्रत्येक इंचभर लांब. "बाहेरचा गिलावा पाऊण इंच. म्हणजे विटेत किती गेला? पाव इंच. तुम्हीच सांगा, धरेल?"

मी मनात शरमलो. चारसूत्री भातलागवडीत युरिया-डीएपीची ब्रिकेट चार चुडांच्या मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचा, वरवर टाकली तर पाण्याबरोबर जाईल, हे मी गावोगाव चिखलात उतरून सांगत आलो. आणि माझ्या घरची वस्तू मी वरवर टाकली होती.

सुटलेला भाग त्यांनी पार विटेपर्यंत काढला. सांधे खरवडले, विटा भिजवल्या, सिमेंटचे पातळ पाणी मारून त्यावर दोन थरांत नवा गिलावा केला, आणि घंटीपुरती वीतभर जागा मुद्दाम गुळगुळीत घोटून ठेवली. सॅण्डफेसवर डबा सपाट बसत नाही, डुगडुगतो आणि मागच्या फटींतून पाणी शिरते. सात दिवस पाणी मारले. मग भिंत चांगली सुकू दिली. ओल्या भिंतीवर सिलिकॉन चिकटत नाही, आणि ओल आत कोंडली की वर रंगाला फुगे येतात.

भोके पाडताना ते मला शेजारी उभे करून बोलत होते, तेवढे सांगतो. सहा मिलिमीटरचा बिट. त्यावर दोन इंचांच्या थोडे पुढे चिकटपट्टीची खूण, म्हणजे खोली कळते. गिलाव्यातून जाताना ड्रिलची ठोक बंद ठेवायची, नुसते फिरवायचे, नाहीतर गिलावा तडकतो. वीट लागली की ठोक चालू. वीट लागली हे कसे कळायचे? भुकटीवरून. करडी भुकटी येते तोवर तुम्ही गिलाव्यात किंवा सांध्यात आहात. लाल आली की विटेत. पहिल्या भोकाची भुकटी करडीच येत राहिली, तेव्हा त्यांनी ते भोक बुजवून बोटभर खाली दुसरे घेतले. सांध्यात गुट्टी ठोकायची नाही. मग भोकातली धूळ फुंकून काढायची, गुट्टी आत सारायची आणि दोन इंची न गंजणारे स्क्रू. वायर न्यायची असेल तर तिचे भोक बाहेरच्या बाजूला उतरते ठेवा, म्हणजे पाणी घरात येणार नाही. डब्याच्या वर आणि दोन्ही बाजूंना सिलिकॉनची जाड रेघ, खाली मात्र मोकळे. चुकून पाणी गेलेच तर त्याला वाट हवी. डबा विकत घेताना आयपी ६५ असा आकडा पाहावा: सहा म्हणजे धूळ आत जात नाही, पाच म्हणजे पाण्याची धार सोसते.

ठाकूरवाड्यांत अजून कुडाची घरे आहेत, कारवीच्या काठ्यांना शेणमातीने लिंपलेली. त्या भिंतीत कसलाच स्क्रू टिकायचा नाही. तिथे दाराच्या चौकटीला किंवा मेढीलाच काय ते ठोकावे.

उंची चार फूट धरली. पण कॅमेरा सुरू केला आणि फोनवर पाहतो तर अर्धे चित्र शेजारच्या वहिनींच्या मोरीचे! तिथे त्या भांडी घासतात, लहान मुलांना आंघोळ घालतात. त्या चार शब्द बोलायच्या आत मीच जाऊन दाखवले. मग डब्याच्या मागे एका बाजूला पाचर घालून तोंड फाटकाकडे वळवले आणि मोरी दिसत नाही हे वहिनींना फोनवर पुन्हा दाखवून आलो. एवढे करावेच. आपल्या दाराची राखण करताना दुसऱ्याच्या अंगणात डोकावायचा आपल्याला हक्क नाही.

उणिवाही सांगतो. वीज गेली की वायफाय जाते, आणि वायफाय गेले की फोनवर काही दिसत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वीज किती वेळा जाते ते मोजणे मी सोडून दिले आहे. वायफायच्या डबीला एक लहान बॅटरी जोडली, त्यावर दोन-तीन तास निघतात. त्याहून जास्त गेली तर खिडकीतून विचारायचे, "कोण आहे?"

आईला ते यंत्र शिकवायला आठ दिवस लागले. जुना फोन देव्हाऱ्याजवळच्या फळीवर उभा केला. पहिल्यांदा घंटी वाजली तेव्हा ती फोनशी न बोलता सरळ दाराशी जाऊन मोठ्याने ओरडली. पण हळूहळू सरावली. कडी मात्र निघेना. रानभाजी आणणारी ठाकरीण आली की बटणाकडे न बघता मागच्या दाराने यायची, आईही तिला तिथेच बसवून घ्यायची. पुढचे दार बंदच.

मग एके दिवशी, २०२४ च्या फेब्रुवारीअखेर, मी संध्याकाळी घरी आलो तर ओटीवर, घंटीच्या खाली, तिवईवर माठ. वर झाकण, झाकणावर पेला पालथा. आईला विचारले, हे काय? "आता पाणी मागायला दार वाजवायला नको," ती म्हणाली. "ज्याला तहान आहे तो पिऊन जाईल. आणि जो पाणी पिऊनही घंटी वाजवील, त्याच्याशी मी बोलेन." दुपारची कडी तिने त्या दिवसापासून काढली असे नाही. पण दारामागे बसायची ती खिडकीशी बसू लागली, आणि वहिनींच्या हाकेला दार उघडू लागली.

त्या एप्रिलात मी खालापूरच्या एका गावी खरिपाच्या बियाण्याची बैठक घेत होतो. खिशातला फोन थरथरला. चोरून पाहिले. डोक्यावर चटयांचा भारा घेतलेला एक माणूस आमच्या ओटीवर उभा. त्याने भारा उतरवला, दोन पेले पाणी प्यायला, तिसरा तोंडावर मारला. पेला विसळून पालथा ठेवला. घंटीकडे एकदा पाहिले, वाजवली नाही, भारा उचलून गेला.

समोरच्या शेतकऱ्याने विचारले, "साहेब, घरून फोन का?"

म्हटले, "नाही, घरी सगळं ठीक आहे," आणि कर्जतच्या संशोधन केंद्राच्या भाताच्या वाणांचे राहिलेले बोलणे पुढे सुरू केले. संध्याकाळी आई कुरकुरत होती, माठ दोनदा भरावा लागला म्हणून.