चौथी बॅटरी

सरकारी कार्यालयात एखादी वस्तू बिघडली की ती बदलण्याचा प्रस्ताव येतो. ती का बिघडली हे शोधण्याचा प्रस्ताव सहसा येत नाही. बदलण्यासाठी नियम आहे, नमुना आहे, मंजुरीची पायरी ठरलेली आहे. कारण शोधणे मात्र कोणाच्याच कामाच्या यादीत नसते. माझे हे मत पक्के होण्यास एक जुनी मोटरसायकल निमित्त झाली.

२०११ च्या हिवाळ्यात माझी बदली लखनौला झाली. रुजू होऊन दोन आठवडे झाले असतील. एकाच दिवशी दोन संचिका टेबलावर आल्या. पहिली होती डाक पोचविण्याच्या मोटरसायकलसाठी नवी बॅटरी घेण्याची. गाडी दहा वर्षांची, शंभर सीसीची. मागील पाने उलटली तेव्हा दिसले की दीड वर्षात तीन बॅटऱ्या घेऊन झाल्या होत्या, ही चौथी. दुसरी संचिका दुसऱ्या शाखेची होती. त्याच गाडीवरून डाक नेणाऱ्या कर्मचाऱ्याच्या वैद्यकीय रजेची. संध्याकाळच्या धुक्यात मागून टेम्पोची धडक बसून त्याचे उजवे मनगट मोडले होते. टेम्पोचालकाचा जबाब सोबत होता. पुढची गाडी थांबते आहे हे त्याला कळलेच नाही. मागचा लाल दिवा दिसत होता, पण ब्रेक दाबल्याचा दिवा लागला नाही.

दोन शाखा, दोन संचिका. त्या एकमेकींशेजारी कोणी ठेवल्या नव्हत्या.

येथे थोडा तांत्रिक खुलासा आवश्यक आहे. त्या काळच्या पुष्कळ लहान मोटरसायकलींत पुढचा आणि मागचा दिवा इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटच्या विजेवर थेट चालत असे. हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवा मात्र बॅटरीवर. इंजिनाच्या ठिणगीलाही बॅटरी लागत नसे. त्यामुळे बॅटरी पूर्ण मेली तरी गाडी किक मारून सुरू होते, पुढचा दिवा वेग वाढवताच उजळतो, आणि स्वाराला वाटते की सर्व ठीक आहे. नाहीसे होते ते फक्त इतरांना सावध करणारे साधन. बॅटरीचे हे मरण आवाज न करता येते.

‘बॅटरी बसली’ असे आपण म्हणतो. तिकडचे मिस्त्री ‘बैठ गई’ म्हणतात. दोन्ही भाषांत दोष बॅटरीच्याच माथी! वस्तुतः बॅटरी हा साठा आहे, आणि चार्जिंग हा त्यात येणारा प्रवाह. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षी शिकवलेला हा भेद विसरून आपण रिकामी टाकी बदलतो, नळ पाहत नाही. बुलेटच्या दिव्याच्या घरट्यावर पूर्वी एक लहान अँपिअर-मापक असे. काटा अधिकच्या बाजूला कलला की वीज बॅटरीत शिरते आहे हे कळे. शंभर सीसीच्या गाड्यांवर तो नसतो. म्हणून मल्टिमीटर.

इमारतीची विद्युत देखभाल पाहणाऱ्या तंत्रज्ञाकडून मीटर मागवला आणि शनिवारी सकाळी अंगणात गाडी उभी केली. प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून तो कर्मचारीही आला होता. मीटर डीसीच्या २० व्होल्टच्या पट्टीवर, लाल तार अधिक टोकाला, काळी उणे टोकाला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीने ११.९ दाखवले. बारा व्होल्टच्या निरोगी बॅटरीने विश्रांतीनंतर १२.६ ते १२.८ दाखवावे, १२.२ च्या आसपास ती अर्धी रिकामी समजावी, आणि बाराच्या खाली जवळजवळ संपलेली. अशा बॅटरीवर चार्जिंगची परीक्षा घेणे व्यर्थ, कारण भुकेली बॅटरी मीटरचा आकडाच खाली ओढते. ती आधी बाहेर भरून आणली. १२.७.

मग इंजिन सुरू केले. मंद गतीत १२.६. गती वाढवली, तरीही १२.६. ब्रेक दाबताच १२.४. व्यवस्था नीट असती तर मध्यम गतीला आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान चढायला हवा होता. (जुन्या सहा व्होल्टच्या गाड्यांत हाच आकडा सातच्या थोडा वर असतो.) पंधराच्या वर गेला तर रोग उलटा: रेग्युलेटर वीज आवरत नाही, बॅटरीतील पाणी उकळून जाते आणि पुन्हा दोष बॅटरीलाच मिळतो. गाडी चालू असताना बॅटरीची तार काढून ‘दिवा विझतो का’ पाहण्याची एक लोकप्रिय पद्धत आहे. ती करू नये. बॅटरीचा आधार सुटताच दाब उसळतो आणि दिवे, रेग्युलेटर जळू शकतात.

आकडा चढत नाही म्हणजे मॅग्नेटची कॉइल, रेग्युलेटर किंवा मधली तार. मी तंत्रज्ञाला आधी तार पाहण्यास सांगितले, कारण ती स्वस्त असते. लाल तार रेग्युलेटरच्या बाहेर पडणाऱ्या टोकाला लावली तर तेथे चौदाच्या वर! म्हणजे वीज तयार होत होती, पोचत नव्हती. सीटखाली पूर्वी कोणीतरी दोन तारा हाताने पीळ देऊन, वर चिकटपट्टी गुंडाळून जोडल्या होत्या. पट्टी सोडली तेव्हा तांबे हिरवे पडून भुगा झालेले. कापून, घासून, डाख देऊन जोडले. मध्यम गतीला १४.१.

तीन बॅटऱ्या वाया गेल्या याचे मला फारसे नवल वाटले नाही. तेव्हा लागू असलेल्या २००५ च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार प्रत्येक प्रसंगी १५,००० रुपयांपर्यंतची खरेदी दरपत्रके न मागविता करता येत असे. सोय योग्यच होती. बॅटरीसाठी निविदा काढत बसणे हास्यास्पद ठरले असते. पण नियम प्रसंगाची किंमत पाहतो, प्रसंग किती वेळा आला ते मोजत नाही. लेखापरीक्षणालाही पावती, नोंदवहीतील नोंद आणि जुनी बॅटरी जमा केल्याची सही एवढे पुरेसे होते. तिन्ही वेळा कागद निर्दोष होता. असो.

चौथ्या बॅटरीचा प्रस्ताव मी परत पाठविला आणि दोन्ही संचिकांच्या प्रती एकमेकींना जोडल्या. तारेचा खुलासा त्या कर्मचाऱ्याच्या अपघाताच्या प्रकरणात गेला. अचानक थांबल्याचा जो ठपका त्याच्यावर येऊ घातला होता, तो पुढे सरकला नाही. गाडीच्या नोंदवहीत दोन रकाने वाढविले: दर महिन्याला उभ्या गाडीचा आकडा आणि चालू गाडीचा आकडा. ते भरण्याचे काम तंत्रज्ञाला द्यावे असे शाखेने सुचविले होते. पण त्या कर्मचाऱ्याने वही स्वतःकडे मागून घेतली. पहिली नोंद, १२.७ आणि १४.१, त्याने डाव्या हाताने लिहिली. अक्षर वाकडे आहे, पण वाचता येते.