उत्तर कोणाचे?

गोव्यात ज्याचे बालपण गेले त्याच्या कानांना तीन भाषांची सवय असते, आणि त्या तिघी आपापली जागा सांभाळून असतात. स्वयंपाकघरात आणि अंगणात कोंकणी, देवळातल्या कीर्तनात, आरतीत आणि प्राथमिक शाळेच्या पुस्तकात मराठी, पाचवीपासून इंग्रजी. माझ्या पिढीला ही वाटणी इतकी स्वाभाविक वाटे की, १९९० च्या जून महिन्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेची चौथी उत्तीर्ण होऊन आम्ही अकरा मुले हायस्कुलात गेलो, तेव्हा आपण एखादी सरहद्द ओलांडीत आहोत अशी शंकाही कोणाला आली नाही. गणवेश बदलला, चालत जाण्याऐवजी बस आली, आणि पहिल्या तासाला वर्गात जे काही बोलले गेले त्यातली आपापली नावे तेवढी आम्हांला समजली.

त्याच वर्षी गोव्यात प्राथमिक शाळांचे सरकारी अनुदान मराठी व कोंकणी माध्यमांपुरते ठेवण्याचे धोरण आले. २०११ साली ते इंग्रजीलाही खुले झाले. या प्रश्नावर सभा झाल्या, मोर्चे निघाले. त्या वादात मला येथे शिरावयाचे नाही. नवल एवढेच वाटते की, पहिली ते चौथीच्या माध्यमासाठी एवढा कंठशोष करणाऱ्या आपल्या समाजाने पाचवीच्या वर्गात त्या मुलांचे रोज काय होते याची फारशी विचारपूस केली नाही.

काय होई ते सांगतो. आम्ही फळ्यावरचे उतरवून घेत असू. अक्षर सुबक, एकही चूक नाही, आणि अर्थाचा पत्ता नाही. प्रश्नोत्तरे घोकून येत. परीक्षेत प्रश्न जसाच्या तसा पडला तर पैकीच्या पैकी गुण, त्यातला एक शब्द मागेपुढे झाला की कारभार आटोपला. ओळखीचे इंग्रजी शब्द तर अनोळखी शब्दांहून अधिक दगा देत. ‘व्हॉल्यूम’ हा शब्द आम्ही रेडिओच्या बटणावरून शिकलो होतो. विज्ञानाच्या शिक्षिकांनी पाण्याचा व्हॉल्यूम मोजावयास सांगितले तेव्हा मी भांड्याला कान लावण्याच्या बेतात होतो. ‘टेबल’ म्हणजे लाकडाचे. ते वहीत उभ्याआडव्या रेघांचे कसे झाले हे कोणीच सांगितले नाही.

नाही म्हणावयास गणिताचे एक सर होते. त्यांनी एकदा ‘आयसॉसेलीज’ हा जिभेला न पेलणारा शब्द फळ्यावर लिहिला आणि शेजारी मराठीत ‘समद्विभुज’ असे लिहून तो तोडून दाखविला: सम, द्वि, भुज. मग म्हणाले, ग्रीक शब्दही तसाच आहे, फक्त आपण त्या त्रिकोणाला दोन सारखे हात दिले आणि ग्रीकांनी दोन सारखे पाय दिले. सारा वर्ग हसला. या गोष्टीला पुरती पाच मिनिटेही लागली नसतील. पण मराठी शाळेत मिळविलेली शिदोरी या नव्या घरातही चालते, ती दाराबाहेर टाकून यावी लागत नाही, हे मला त्या पाच मिनिटांत प्रथम कळले. दुर्दैवाने सरांचा तास दिवसातून एकच असे.

आमच्या अकरा जणांत म्हार्दोळच्या बाजूचा एक मुलगा होता. त्याच्या घरचा जायांचा मळा होता. पहाटे कळ्या खुडावयाच्या, ओल्या फडक्यात बांधावयाच्या, देवळापाशी पोचवावयाच्या आणि मग बस गाठावयाची, असा त्याचा दिवस सुरू होई. तोंडी हिशेबात त्याला आमच्यापैकी कोणी हरवू शकत नसे. इंग्रजी मात्र त्याच्या घरात मुळीच नव्हते. माझ्या घरी वडिलांची तर्खडकरांची भाषांतरपाठमाला होती आणि ती माझ्याकडून दररोज रात्री एक पान करून घेणारे वडीलही होते. आम्हां दोघांतला फरक एवढाच होता. आणि तो पुढे केवढा झाला!

सातवीतली गोष्ट. बाष्पीभवनाने गारवा का येतो, असा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षिकांनी इंग्रजीत विचारला. माझा मित्र उठला. तो कधी आपणहून उठत नसे; त्या दिवशी उठला, कारण हा प्रश्न त्याच्या रोजच्या टोपलीतला होता. तो कोंकणीत म्हणाला, “टीचर, ओल्या फडक्यांत बांदल्यार जायो थंड उरतात, कित्याक उदक सुकतना गरमी व्हरता.” वर्ग हसला. मीही हसलो. शिक्षिका म्हणाल्या, इंग्रजीत सांग. तो उभा राहिला, ओठ हलले, शब्द आला नाही. “सिट डाऊन.” तो बसला. मग त्यांनी वर्गावर नजर फिरविली, आणि मी हात वर केला.

पाणी सुकताना उष्णता घेऊन जाते, एवढेच वाक्य मी इंग्रजीत बोललो. मला ते पाच मिनिटांपूर्वी ठाऊक नव्हते. ते मी त्याच्या तोंडून ऐकले होते. “व्हेरी गुड,” शिक्षिका म्हणाल्या, आणि ते ‘व्हेरी गुड’ मी खुशाल खिशात घातले.

त्या शिक्षिकांना मी दोष देत नाही. पन्नास मुले, चाळीस मिनिटे आणि मार्चपर्यंत संपवावयाचे पुस्तक. त्यांना स्वतःला कोणी निराळे काही शिकविले नव्हते. पण आज वीस वर्षे वकिली केल्यावर एक विसंगती मला फार बोचते. आमच्या कोर्टात साक्षीदार कोंकणीत बोलतो आणि नोंद इंग्रजीत होते. भाषांतर कोणीही केले तरी साक्ष साक्षीदाराचीच राहते. तो कोंकणीत बोलला म्हणून त्याला काही ठाऊक नाही असे कोणताही न्यायाधीश लिहीत नाही. तेरा वर्षांच्या मुलाला मात्र आपण ही सवलत नाकारतो. त्याचे ज्ञान आणि त्याचे इंग्रजी या दोन वस्तू एकाच तराजूत टाकतो आणि एकच आकडा मांडतो.

कॅनडातील भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून या बाबतीत एक उपयुक्त भेद मांडला. खेळताना, बाजारात बोलावयाची भाषा मुलाला साधारण दोन वर्षांत येते. पाठ्यपुस्तकाची, कारण आणि परिणाम सांगणारी भाषा समवयस्कांच्या बरोबरीने येण्यास पाच ते सात वर्षे लागतात. हे वाचले तेव्हा मी बोटांवर हिशेब केला. पाचवीचा जून ते दहावीचा मार्च, पुरती सहा वर्षेसुद्धा होत नाहीत. म्हणजे ती भाषा अंगी मुरावयाच्या सुमारासच, किंवा त्याच्याही आधी, बोर्डाची परीक्षा दारात उभी! शिवाय मूल दोन वर्षांत फडाफडा बोलू लागले की आईबाप आणि शिक्षक दोघेही निर्धास्त होतात, हा धोका वेगळाच.

सान फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांचा एक खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना परिचित असतो. इंग्रजी न येणारी सुमारे १८०० मुले तेथील शाळांत कोणत्याही जादा मदतीशिवाय बसत होती. १९७४ साली ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, सर्वांना तीच पुस्तके, तेच शिक्षक आणि तोच अभ्यासक्रम दिला म्हणजे समान वागणूक झाली असे होत नाही. ज्याला भाषाच कळत नाही त्याच्या वाट्याला शिक्षण म्हणून काही येतच नाही. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये, शिक्षणाचे माध्यम शक्य असेल तेथवर मुलाची मातृभाषा असावे असे म्हटले आहे. ‘शक्य असेल तेथवर’ या शब्दांना वकील किती लांब ताणू शकतात हे मला विचारा! पण आमच्या वर्गात जे अशक्य नव्हते ते फारच थोडे होते: आधी कोंकणीत सांगू द्यावयाचे, मग तेच उत्तर त्याच मुलाच्या नावे इंग्रजीत फळ्यावर लिहावयाचे, आणि त्याच्याकडून वाचून घ्यावयाचे. समद्विभुजाच्या सरांनी जे केले तेच, पण सर्व तासांना.

माझा मित्र आठवीत दोनदा इंग्रजीत नापास झाला आणि मळ्यावर गेला. देवळात भेट होई. तो कधी काही बोलला नाही, मीही विषय काढला नाही.

गेल्या वर्षी जायांच्या पूजेनंतर आठवड्याभराने तो माझ्या कचेरीत आला. एका हातात ओल्या फडक्यात बांधलेल्या कळ्या, दुसऱ्या हातात मामलेदाराची नोटीस. १९७५ च्या मुंडकार कायद्याखालचे प्रकरण होते. भाटकाराने घराभोवतालच्या जागेबद्दल वाद काढला होता. नोटीस इंग्रजीत होती. “वकीलबाब, वाच मरे,” तो म्हणाला. मी वाचली आणि कोंकणीत सांगितली. जागेची मापे त्याला पावलागणिक पाठ होती.

सुनावणीच्या दिवशी त्याची जबानी झाली. तो कोंकणीत बोलत होता, कारकून इंग्रजीत टंकीत होता. जबानी संपली, कागद सहीसाठी पुढे आला. त्याने पेन हातात घेतले नाही. माझ्याकडे वळून विचारले, “कितें बरयलां?” मी ओळीन्‌ओळ कोंकणीत वाचून दाखविली. विहिरीपाशी येताच त्याने मला थांबविले. बांध विहिरीच्या पलीकडे आहे असे तो म्हणाला होता; कागदावर अलीकडे आले होते. माझ्याही लक्षात ते आले नव्हते. “हांवें तशें सांगूंक ना,” तो मामलेदारांना म्हणाला.

कारकुनाने ती ओळ खोडली आणि तो म्हणाला तशी पुन्हा लिहिली. मग त्याने सही केली, देवनागरीत.