सीईए नावाचे गृहस्थ

लॅबच्या रिपोर्टात या गृहस्थांना जागा मिळते ती एका ओळीची. आधी नाव, मग आकडा, शेजारी मर्यादा: विडी-सिगारेट न ओढणाऱ्याला मिलिलिटरमागे साधारण ३ नॅनोग्रॅमपर्यंत, ओढणाऱ्याला ५ पर्यंत. माणूस धूर ओढतो हे घरच्यांपासून लपेल, पण यांना त्याचा वास लागतो आणि ते उगाचच चढतात. पूर्ण नाव कार्सिनोएम्ब्रायॉनिक अँटिजेन. दवाखान्यात एवढं लांबण कोणी लावत नाही. तिथे एकच विचारणा असते, ‘सीईए किती आला?’

यांचा जगाला परिचय झाला १९६५ साली, कॅनडातल्या माँट्रियलमध्ये. मॅकगिल विद्यापीठाच्या फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी एकाच रुग्णाच्या मोठ्या आतड्यातली गाठ घेतली आणि त्याच आतड्याचा निरोगी तुकडाही घेतला. माणूस एकच, म्हणजे दोन्हींत जो फरक दिसेल तो गाठीमुळेच. सशांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांच्या मदतीने त्यांनी तो फरक पकडला. हेच प्रथिन गर्भाच्या आतड्यातही सापडलं. गर्भात होतं, जन्मानंतर गेलं आणि कर्करोगाबरोबर परतलं, अशी ती चकित करणारी कथा होती. निरोगी मोठ्या माणसांतही ते थोडं असतंच, हे पुढे कळलं. १९६९ मध्ये ते रुग्णांच्या रक्तातही मोजता आलं आणि आशा एकदम उंचावली. आता दंडातून थोडं रक्त काढायचं की आतड्याचा कर्करोग वेळेत सापडणार! गृहस्थांना पहाऱ्यावर नेमायची तयारी झाली.

नेमणूक टिकली नाही. यकृत खराब झालेल्यांत हे वाढलेले, आतड्याच्या जुनाट सुजेत वाढलेले, स्वादुपिंड सुजलं तरी वाढलेले. जठर, फुप्फुस, स्तन यांच्या कर्करोगांतही हजर. आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा पहिला टप्पा, ज्यासाठी यांना बोलावलं, तिथे बहुतेक वेळा चिडीचूप. नको तिथे ओरडायचं आणि हवं तिथे गप्प बसायचं, असा पहारेकरी कोण ठेवील?

पण यात त्यांची लबाडी नाही. निरोगी आतड्यात यांचा मुक्काम अस्तराच्या पेशींच्या आतल्या, पोकळीकडच्या बाजूला. तिथून सुटले की मळाबरोबर बाहेर. रक्ताकडे जायचा यांचा रस्ताच नव्हे. गाठ वाढते, पेशींची मांडणी बिघडते, आतली बाजू कोणती आणि बाहेरची कोणती याचा धरबंध उरत नाही, तेव्हा हे रक्तात सांडू लागतात. इतकं होईपर्यंत पहिला टप्पा मागे पडलेला असू शकतो.

त्यांचं खरं काम निघालं शस्त्रक्रियेनंतरचं. आधी वाढलेला आकडा गाठ पूर्ण काढल्यावर साधारण चार ते सहा आठवड्यांत खाली यायला हवा. पुढची दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी रक्त द्यायचं, त्यानंतर पाच वर्षं होईपर्यंत सहा महिन्यांनी. आकडा चढत गेला तर डॉक्टर तपासणी पुन्हा करतात, सीटी स्कॅन सांगतात. यकृतात पसरलेला रोग कधीकधी लक्षणं दिसण्याआधीच हे कळवतात. मात्र काही गाठी सीईए सोडतच नाहीत. त्या रुग्णांच्या बाबतीत या गृहस्थांची साक्ष कुचकामी.

लवकर निदानाच्या जागेसाठी आता नवे उमेदवार आहेत. हे चयापचयातले लहान रेणू: अमिनो आम्लं, मेद, पित्ताम्लं. त्यांच्या मागची कल्पना जुनी आहे. ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवलं होतं, की गाठीच्या पेशी ऑक्सिजन असतानाही ग्लुकोज भराभर फस्त करून लॅक्टेट सोडतात. पेशींचं खाणंपिणं बदललं तर त्याची खूण रक्तात उमटेल, असा हिशेब. मास स्पेक्ट्रोमीटर एका नमुन्यात असे शेकडो रेणू मोजतो. पण ही मंडळी फार हळवी. रात्रीचं जेवण, मधुमेहाची गोळी, पोटातले जिवाणू, सगळ्यांचा त्यांच्यावर परिणाम. रक्ताची नळी टेबलावर तशीच राहिली, तरी आतल्या लाल पेशी साखर खात बसतात आणि लॅक्टेट वाढवतात. म्हणजे रोग कोणता आणि नळीचा आळस कोणता, हे आधी वेगळं करायला हवं. रुग्णालयातल्या जुन्या रुग्णांत चमकणं आणि तक्रार नसलेल्या हजारो माणसांत लहानशी गाठ ओळखणं यांत किती अंतर असतं, ते या तरुणांना सीईएंकडून शिकता येईल.

आपल्याकडे आरोग्य तपासणीच्या ‘पॅकेज’मध्ये अजूनही या गृहस्थांना पहाऱ्यावर बसवतात. आकडा जरा चढला की निरोगी माणसाची झोप उडते. त्याहून वाईट म्हणजे, शौचातून रक्त जातंय, मूळव्याध असेल म्हणून मलम चाललंय, आणि ‘सीईए नॉर्मल आहे’ या आधारावर पुढची तपासणी राहून जाते. तक्रार नसेल तर मळातल्या न दिसणाऱ्या रक्ताची चाचणी आहे. तक्रार असेल तर कोलोनोस्कोपी, जिच्यात कर्करोग व्हायच्या आधीचा कोंबही काढून टाकता येतो. गृहस्थांना विचारलं तर तेही हेच सांगतील. पहाऱ्याचं काम आपल्याला जमत नाही, हे साठ वर्षांत त्यांच्या पुरतं लक्षात आलंय.